लिहून दिलं म्हणजे पोहोचलं, असं नसतं

जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर

महोदय,


दर पावसाळ्यात आपल्या जिल्ह्याचं लक्ष एका आकड्याकडे लागलेलं असतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना टेकली की इशारा, ४३ फुटांना धोका. चिखली-आंबेवाडीपासून शिरोळ-कुरुंदवाडपर्यंत नदीकाठच्या घरांना हा हिशोब पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. तेव्हा रिक्षांवर भोंगे लावून गल्लोगल्ली पुकारा झाला, गावच्या स्पीकरवरून सूचना दिल्या गेल्या, मोबाइलवर संदेश आले. त्या दिवसांत प्रशासनातल्या माणसांनी रात्रंदिवस केलेलं काम कोल्हापूर विसरलेलं नाही. आज लिहिते आहे ती भोंगा ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही आणि संदेशही पुरता पोहोचत नाही, अशा माणसांसाठी.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. दहावीपर्यंत शिकलेला, हाताला कसब असलेला, स्वतःचं घर स्वतःच्या कमाईवर चालवणारा. तारीख, वेळ, रक्कम, बसची पाटी, दुकानांची नावं, हे सगळं तो वाचतो. २०२१ च्या पुरात त्याच्या मोबाइलवर आलेला इशारा त्याने मला पाठवला आणि व्हिडिओ कॉल करून हातानेच विचारलं, ‘जायचं की थांबायचं?’ संदेशातलं एकूण एक अक्षर त्याला ओळखता येत होतं. नेमकं काय करायचं, एवढंच त्यातून कळत नव्हतं.

‘ऐकू येत नाही ना, मग लिहून द्या’ असं आपल्याला सहज वाटतं. ज्यांचं ऐकणं मोठेपणी कमी झालं त्यांना लिहिलेलं पुरतं, कारण मराठी त्यांच्या डोक्यात आधीपासून नांदत असते. जन्मतः किंवा अगदी लहानपणी ऐकू न येणाऱ्या माणसाचं तसं नाही.

ऐकू येणारं मूल पहिलीत जातं तेव्हा त्याला वाचता येत नसतं, पण भाषा येत असते. पाच-सहा वर्षं आई, आजी, शेजारीपाजारी, टीव्ही, भांडणं, ओव्या, हाका, सगळं त्याच्या कानांवरून गेलेलं असतं. शाळा त्याला नवी भाषा शिकवत नाही, माहीत असलेल्या आवाजांना अक्षरं जोडून देते. देवनागरीत हे काम आणखी सोपं होतं, कारण बहुतेक ठिकाणी जसं बोलतो तसंच लिहितो. बाराखडी घोकली की आवाज आपोआप उलगडतो. नेमकी हीच सोय कर्णबधिर मुलाच्या उपयोगाची नाही. त्याने कधी न ऐकलेल्या आवाजांचं ते चित्र आहे. म्हणून त्याला शब्द आकारानेच लक्षात ठेवावा लागतो. ‘पाणी’ हा आकार पाठ झाला, तरी ‘पाण्यात’, ‘पाण्याने’, ‘पाण्याखाली’ हे त्याच्या डोळ्यांना वेगळेच आकार वाटतात. आपण विभक्तीचे प्रत्यय न शिकताच बोलू लागतो. त्याला प्रत्येक रूप स्वतंत्र शिकावं लागतं. तीन लिंगं, ‘मी गेलो’ पण ‘मी खाल्लं’, ‘जावे’ आणि ‘जाऊ नये’ यांतला शेवटच्या एका शब्दावर पालटणारा अर्थ, हे सगळं कानाच्या मदतीशिवाय.

ओठ वाचून हे भरून निघेल, असंही पुष्कळांना वाटतं. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पाप’, ‘बाप’, ‘माप’ म्हणून पाहावं. तिन्ही शब्दांत ओठ सारखेच मिटतात. क, ख, ग, घ तर घशाजवळ उमटतात, ते बाहेरून दिसतच नाहीत. ओठवाचन म्हणजे पुष्कळसा अंदाज असतो, आणि अंदाज बांधायला मुळात भाषा यावी लागते.

हे बुद्धीचं उणेपण मुळीच नाही. ज्या कर्णबधिर मुलांचे आईवडीलही कर्णबधिर आहेत आणि ज्यांना पाळण्यापासून हातांची भाषा मिळते, ती मुलं ऐकणाऱ्या मुलांसारखीच वेळेवर ‘बोलू’ लागतात, प्रश्न विचारतात, खोड्या काढतात, गोष्टी रचतात. एक भाषा पक्की झालेली असल्यामुळे पुढे लिखित भाषाही त्यांना जास्त चांगली जमते, असं अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. पण दहांतली नऊहून अधिक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या घरांत जन्मतात. घराला खुणांची भाषा येत नाही, मुलाला घराची भाषा ऐकू येत नाही. भाषा रुजण्याची सर्वांत मोलाची पहिली चार-पाच वर्षं अशीच निघून जातात. अमेरिकेसारख्या साधनसंपन्न देशातही अठरा वर्षांच्या कर्णबधिर विद्यार्थ्यांची वाचनक्षमता सरासरी चौथीच्या मुलाच्या आसपास राहत आली, असं तिथल्या मोजण्या दाखवतात. तेव्हा हा दोष कोल्हापूरच्या एखाद्या शाळेचा किंवा एखाद्या आईचा नाही.

त्याला जुना इतिहास आहे. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ऐकू येणाऱ्या शिक्षकांचंच तिथे बहुमत होतं. शाळांत हातांची भाषा बंद करून केवळ तोंडी बोलण्यावर भर द्यावा, असा ठराव तिथे झाला. पुढची शंभर वर्षं जगभरच्या शाळा कमी-अधिक प्रमाणात त्याच वाटेने गेल्या. मुंबईत १८८५ च्या सुमारास कर्णबधिरांची देशातली पहिली शाळा निघाली ती याच काळात. वर्गात हात मागे बांधायचे आणि मधल्या सुट्टीत मुलांनी एकमेकांकडून चोरून खुणा शिकायच्या, अशा आठवणी जगभरच्या कर्णबधिरांच्या ओठी नव्हे, हाती आहेत. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला. तोवर किती पिढ्या कोणत्याच भाषेत पुरत्या न नांदता म्हाताऱ्या झाल्या, त्याची मोजदाद कोण करणार?

हातांची भाषा म्हणजे हातवारे, हा समज आता टिकत नाही. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. त्यात प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो. ‘देणे’ ही खूण माझ्याकडून तुमच्याकडे नेली तर मी तुम्हाला देते, तुमच्याकडून माझ्याकडे आणली तर तुम्ही मला देता. ‘ने’ आणि ‘ला’चं काम इथे दिशा करते. भुवया, मान आणि चेहरा यांनाही व्याकरणात जागा आहे. म्हणून मराठी वाक्यातल्या प्रत्येक शब्दाची खूण त्याच क्रमाने केली की झालं, असं होत नाही. तो अनुवाद आहे आणि त्यासाठी शिकलेला दुभाषीच लागतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केलं. त्यांच्या कोशाच्या २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत. पाठ्यपुस्तकं या भाषेत आणण्यासाठी त्यांनी २०२० मध्ये एनसीईआरटीशी करार केला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ही भाषा देशभर प्रमाणित करण्याचा मुद्दा आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या, तेव्हा सरन्यायाधीशांच्या खुर्चीत न्या. धनंजय चंद्रचूड होते. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला जे जमलं ते आपल्या जिल्ह्याला जमायला हरकत नाही.

आता आपल्याच कामाबद्दल.

पुराच्या दिवसांत आपण सगळे वाचतो तशी सूचना साधारण अशी असते : ‘धरणातून विसर्ग वाढविण्यात आल्याने नदीच्या पाणीपातळीत वाढ होण्याची शक्यता असून सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे व आवश्यकतेनुसार सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.’ एका वाक्यात कारण, शक्यता, अट आणि सूचना. कुणी जायचं, कधी जायचं, कुठे जायचं, यांतलं काहीच यात नेमकं नाही. हेच असं लिहिता येईल : ‘नदीचं पाणी वाढत आहे. आज संध्याकाळी ५ च्या आत घर सोडा. गावच्या हायस्कूलमध्ये जा. जनावरं सोबत न्या. आधार कार्ड आणि औषधं घ्या.’ एका ओळीत एकच गोष्ट, आधी वेळ, मग जागा, मग कृती, आणि शेजारी घराचं, शाळेचं, जनावराचं चित्र. माझ्या भावाला त्या दिवशी हा मजकूर मिळाला असता तर त्याला मला विचारावं लागलं नसतं. आणि हा मजकूर एकट्या त्याच्याच उपयोगाचा नाही. शाळा न पाहिलेली आजी, सीमेपलीकडून आलेला कानडी बोलणारा कामगार, इचलकरंजीच्या मागांवर काम करणारा उत्तरेकडचा पोरगा, घाईघाईत मोबाइल बघणारा शेतकरी, सगळ्यांनाच तो पटकन कळेल.

पूर आला की आणखी एक गोष्ट होते, ती ऐकणाऱ्या माणसांच्या ध्यानात येत नाही. वीज जाते. अंधारात आपण एकमेकांना हाका मारतो, बोलत राहतो, धीर देतो. कर्णबधिर माणसाला अंधारात समोरच्याचे हात दिसत नाहीत, ओठ दिसत नाहीत, चिठ्ठी वाचता येत नाही. दारावर कितीही थापा मारल्या तरी त्या त्याला ऐकू येत नाहीत. मोबाइलची बॅटरी संपली की व्हिडिओ कॉलही संपला. बचाव पथकाची बोट गल्लीत येऊन हाका मारून पुढे गेली तर घरात माणूस आहे हे तिला कळणारच नाही. अशा घरात कोण राहतं हे आधीच माहीत असणं, हाच त्यावरचा एकमेव इलाज.

आणि कायद्याने ते काम आपल्यावर सोपवलेलं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ मध्ये जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं नाव घेऊन दोन कर्तव्यं सांगितली आहेत : जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींच्या तपशिलाची नोंद ठेवणं, आणि धोक्याच्या परिस्थितीची माहिती त्यांना मिळेल अशी योग्य उपाययोजना करणं. याच कायद्याने संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा आणि सोपी भाषा या दोहोंना जागा दिली आहे. कलम ४२ ने ध्वनी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुलभ स्वरूपात असावा, सांकेतिक भाषेतला अनुवाद आणि उपशीर्षकं असावीत, असं सरकारला बजावलं आहे. ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी प्रकरणातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुलभतेचे नियम केवळ मार्गदर्शनापुरते ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही उभा केला. कायदा आहे, निकाल आहे, विभाग आहे. आता हे जिल्ह्याच्या पातळीवर रोजच्या कामात उतरावं, एवढीच इच्छा आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

पहिली, कलम ८ ची नोंदवही या वर्षी पुरी व्हावी, आणि तिच्यात नाव-पत्त्यापुढे एक रकाना वाढवावा : या व्यक्तीला माहिती कशी कळते? खुणांच्या भाषेत, सोप्या लेखी मजकुरात, की दोन्हींत? गावात त्यांच्याशी खुणांनी बोलू शकणारं कोण आहे? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ऐकण्याचं अपंगत्व असलेल्या सुमारे पावणेपाच लाख व्यक्तींची नोंद झाली होती. आपल्या जिल्ह्यातल्या अशा माणसांना घरोघर शोधायला अंगणवाडी सेविका, आशाताई आणि पोलीसपाटील यांच्याइतकं जवळचं कुणी नाही.

दुसरी, पुराच्या सूचनांचे सांकेतिक भाषेतले व्हिडिओ मे महिन्यातच करून ठेवावेत. दरवर्षी सूचना जवळपास त्याच असतात : पाणी ३९ फुटांवर आलं, ४३ वर आलं, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, घर सोडा, निवारा केंद्र इथे आहे, रस्ता बंद आहे, पाणी उकळून प्या, आता परत या. असे मोजके व्हिडिओ एकदा नीट झाले की पुढे तारीख, वेळ आणि गावाचं नाव तेवढं बदलायचं. त्यांत खुणा करणारी व्यक्ती स्वतः कर्णबधिर असावी. तिची भाषा अस्सल असते, आणि पडद्यावर आपलंच माणूस दिसलं की विश्वासही बसतो. जिल्ह्यातल्या कर्णबधिर शाळा आणि त्यांचे माजी विद्यार्थी या कामासाठी आनंदाने पुढे येतील. चावडीवर लावलेल्या प्रत्येक सूचनेच्या कोपऱ्यात त्या व्हिडिओचा क्यूआर कोड छापला, तर खर्च कागदाएवढाच.

तिसरी, आपत्ती मित्र स्वयंसेवकांना आणि बचाव पथकांना निदान मोजक्या खुणा शिकवाव्यात : पाणी, धोका, चला, थांबा, किती माणसं, औषध, दुखतंय का. कर्णबधिर माणसाच्या घराशी पोहोचल्यावर हाक न मारता खिडकीतून बॅटरीचा उजेड आत फिरवायचा, आणि बोलताना तो उजेड स्वतःच्या चेहऱ्यावर व हातांवर धरायचा, हे एका तासात शिकवता येतं.

चौथी, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आपल्या कार्यालयात लोकशाही दिन असतो. त्या दिवशी एक दुभाषी उपलब्ध असावा. सीपीआर रुग्णालय, तहसील कार्यालयं आणि पोलीस ठाणी इथे प्रत्येक ठिकाणी माणूस ठेवणं आज शक्य नसेल, कारण प्रशिक्षित दुभाषी फार थोडे आहेत. पण एका जागी बसलेला दुभाषी व्हिडिओ कॉलवरून अख्ख्या जिल्ह्याला मदत करू शकतो. आज कर्णबधिर बाईला डॉक्टरांशी बोलायला आपल्या अजाण लेकीला मध्यस्थ करावं लागतं. आईच्या पोटातल्या दुखण्याची बातमी लेकराने सांगावी, हे बरं नाही. बोललेलं मराठीत उमटवणारी ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’सारखी अ‍ॅप आता मोबाइलवर आहेत, ती जरूर वापरावीत. पण शेवटी त्यांतूनही लेखी मराठीच हाती येते, हे ध्यानात असावं.

पाचवी मागणी मुळाची आहे. नवजात बाळाच्या कानांची तपासणी बाळ झोपेत असताना काही मिनिटांत होते. ती जिल्ह्यातल्या प्रत्येक बाळंतपणानंतर व्हावी. दोष आढळला तर श्रवणयंत्राच्या कागदपत्रांबरोबरच आईवडिलांना खुणांची भाषा शिकवणाऱ्या वर्गाचा पत्ता त्याच दिवशी हाती पडावा. यंत्र घ्यावं, शस्त्रक्रिया करावी, वाचाउपचारही करावेत. त्यांतून आवाज येईल तेव्हा येईल, पण भाषेने तोवर थांबू नये. खुणा शिकलं की मूल बोलायचं नाही, ही भीती आईबापांच्या मनातून जायला हवी. पुढे त्याच मुलासाठी १८५० पासून चालत आलेल्या आपल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयांत खुणांच्या भाषेतून गोष्ट सांगण्याचा तास सुरू झाला, तर पुस्तकाशी त्याची ओळख धड्याच्या धाकाने होणार नाही, आवडीने होईल.

एवढ्या थोड्या माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न कुठल्या तरी बैठकीत येईल. त्याचं उत्तर या गावाने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं आहे. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. शिकू द्या म्हणून अर्ज घेऊन कुणी दारी येईल, याची त्यांनी वाट पाहिली नाही. ज्यांना शिक्षणाची मागणी करण्याइतकाही आवाज नव्हता, त्यांच्यापर्यंत जाणं हे राज्याचं काम मानलं. कर्णबधिर माणसं आपल्या दालनाबाहेर घोषणा देत नाहीत. अर्ज लिहायचा तर तोही त्यांना न मिळालेल्या भाषेतच लिहावा लागतो. त्यांची मागणी ऐकू येत नाही म्हणून ती नाहीच, असं आपण तरी समजू नये.

या मागण्यांपैकी पहिल्या तीन पुढचा पावसाळा लागण्यापूर्वी पुऱ्या होण्यासारख्या आहेत. त्यासाठी मान्सूनपूर्व आढावा बैठकीला जिल्ह्यातल्या कर्णबधिर स्त्री-पुरुषांचे प्रतिनिधी आणि त्यांच्यासोबत दुभाषी यांना बोलवावं, आणि सूचनांचे मसुदे आधी त्यांना दाखवून ‘हे कळलं का?’ असं विचारावं. ते ‘नाही’ म्हणाले तर मसुदा बदलावा. मे महिन्यातल्या त्या बैठकीची तारीख आपण जाहीर करावी. माझ्या भावाला आणि त्याच्या मित्रांना ती खुणांनी कळवण्याचं काम मी करीन.

कळावे,
आपली,
एक कोल्हापूरकर बहीण